प्रकाशाचे ग्रहण आणि प्रतिदान : अनुस्फुरक रंजक-बहुवारिकांची रचना

१

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला रंजकद्रव्यांचा इतिहास सर्वस्वी अपरिचित नाही. दीनबंधु मित्र यांच्या १८६० सालच्या ‘नीलदर्पण’ या नाटकाने नीळ पिकविणाऱ्या बंगाली रयतेचे हाल साहित्यात आणले. पुढे १९१७ साली चंपारणात नीळ-उत्पादकांचाच प्रश्न राष्ट्रीय आंदोलनाच्या अग्रभागी आला. या दोन घटनांच्या दरम्यान जर्मनीतील प्रयोगशाळांनी नीळ कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश मिळविले. आडोल्फ फोन बायर यांनी १८८० मध्ये निळीचे संश्लेषण केले आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागल्यावर भारतातील निळीची शेती झपाट्याने उतरणीस लागली.

याच बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन नावाचे आणखी एक द्रव्य तयार केले होते. नीळ आणि फ्लुओरेसीन ही दोन्ही प्रकाश उत्तम प्रकारे शोषून घेतात. परंतु शोषलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते या बाबतीत त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. निळीच्या रेणूंनी शोषलेल्या प्रकाशापैकी अर्धा टक्काही प्रकाशरूपाने परत येत नाही. उलट, अल्कधर्मी पाण्यात विरघळविलेले फ्लुओरेसीन शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे नव्वदांहून अधिक प्रकाशकण परत करते. त्या पाण्याला येणारी हिरवट-पिवळी झळाळी हे त्याचेच दृश्य रूप होय.

एक द्रव्य प्रकाश घेते आणि गिळून टाकते. दुसरे घेते आणि परत देते. या भेदाचे कारण काय, आणि पुष्कळ घेणारे व पुष्कळ देणारे असे द्रव्य हेतुपुरस्सर घडविता येईल काय, हा रंजक-बहुवारिकांच्या रचनेमागील मूळ प्रश्न आहे. एकाच प्रकारचे अनेक लहान रेणू साखळीप्रमाणे जोडून जो महारेणू तयार होतो त्यास बहुवारिक म्हणतात. साखळीतील प्रत्येक दुवा जेव्हा प्रकाश शोषण्यास किंवा देण्यास समर्थ असतो, तेव्हा ते रंजक-बहुवारिक ठरते.

२

या घटनेच्या नावांचा विचार प्रथम करणे इष्ट आहे. क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या निळसर आभेचे वर्णन जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये केले. जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणाची नळी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातून हळूहळू सरकवीत नेली, तेव्हा जांभळ्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ती नळी निळ्या प्रकाशाने उजळली. अदृश्य किरण आत जात होते आणि दृश्य किरण बाहेर पडत होते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत जाणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहून अधिक असते, हा नियम त्यांनी १८५२ मध्ये मांडला आणि घटनेला फ्लुओरस्पार या खनिजावरून नाव दिले. त्या खनिजाच्या नावाचे मूळ ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, कारण धातू गाळताना मिश्रण पातळ करण्यासाठी ते वापरीत. म्हणजे युरोपीय नावात घटनेचे वर्णन मुळीच नाही.

भारतीय भाषांनी मात्र वर्णनपर शब्द घडविले. मराठीत ‘अनुस्फुरण’, हिंदीत ‘प्रतिदीप्ति’ आणि बंगालीत ‘प्रतिप्रभा’ हे शब्द योजण्यात आले. मराठी शब्दातील ‘अनु’ हा उपसर्ग क्रम सांगतो : आधी ग्रहण, मागाहून स्फुरण. हिंदी आणि बंगाली शब्दांतील ‘प्रति’ हा उपसर्ग परतफेड सांगतो. बंगालीत ‘अनुप्रभा’ हाही शब्द आहे. परंतु तो मूळ प्रकाश थांबल्यानंतरही रेंगाळणाऱ्या दीप्तीसाठी योजतात. म्हणजे एका भाषेत ‘अनु’ने सूचित होणारी घटना आणि शेजारच्या भाषेत ‘अनु’ने सूचित होणारी घटना एक नव्हेत. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना १९६१ मध्ये दिल्लीत झाली व दिल्ली विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. सर्व भारतीय भाषांना समान असे शब्द घडवावेत या आकांक्षेपुढे कोणत्या अडचणी होत्या, हे या एका उदाहरणावरूनही ध्यानात येईल.

क्रम आणि परतफेड या दोन्ही कल्पना योग्य आहेत. परंतु परत येणारा प्रकाश घेतलेल्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो आणि पुष्कळदा तो परत येतच नाही, ही गोष्ट यांपैकी कोणत्याही शब्दात आलेली नाही. रंजक-बहुवारिकांचे सारे शास्त्र या न आलेल्या अर्थाभोवती फिरते.

३

दिल्लीशी या विषयाचा संबंध केवळ शब्दांपुरता नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा पायाभरणी समारंभ ४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाला आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेल यांनी तिचे उद्‌घाटन केले. तिचे पहिले संचालक कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन हे संस्कृत व तमिळ वाङ्मयाचे व्यासंगी म्हणूनही परिचित होते. १९२३ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशात एक अतिशय अंधुक, रंग बदललेला अंश आढळला होता. द्रवातील अशुद्धीमुळे होणारे ते क्षीण अनुस्फुरण असावे, असे त्या वेळी मानले गेले. द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो अंश नाहीसा होईना. १९२८ मध्ये रामन आणि कृष्णन यांनी तो अनुस्फुरणाहून वेगळा असल्याचे दाखविले. आज ‘रामन परिणाम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शोधाची एक पायरी अशा रीतीने ‘हे अनुस्फुरण नव्हे’ या निर्णयाची होती.

दोहोंतील भेद असा. रामन परिणामात प्रकाशकण रेणूत मुक्काम करीत नाही. तो विखुरला जातो. अनुस्फुरणात रेणू प्रकाशकण पूर्णपणे शोषतो, त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो आणि साधारणतः काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश, रेणू त्या उद्दीपित स्थितीत राहतो. या अल्पावधीत तो थोडी ऊर्जा कंपनांच्या रूपाने सभोवती देऊन टाकतो आणि उरलेली प्रकाशरूपाने सोडतो. म्हणूनच परतीचा प्रकाश अधिक तरंगलांबीचा असतो. फ्लुओरेसीन सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश घेते आणि सुमारे ५१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देते. प्रत्येक प्रकाशकणामागे जवळपास पाच टक्के ऊर्जा मार्गात खर्ची पडते.

परंतु उद्दीपित रेणूपुढे प्रकाश देणे हा एकच मार्ग नसतो. रेणूचा एखादा भाग वळू किंवा फिरू शकत असेल, तर सर्व ऊर्जा त्या हालचालीत उष्णतेच्या रूपाने संपते. निळीच्या रेणूत हायड्रोजनचा अणुकेंद्रक शेजारच्या ऑक्सिजनकडे सरकू शकतो आणि त्या आडवाटेने ऊर्जा प्रकाशास अवधी न देता निघून जाते. याहून बोलके उदाहरण फिनॉल्फ्थॅलीनचे आहे. प्रयोगशाळेत अल्क ओळखण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य रचनेने फ्लुओरेसीनचे जवळचे नातेवाईक आहे. अल्कात ते गडद गुलाबी होते, म्हणजे प्रकाश उत्तम शोषते; पण ते झळाळत नाही. फ्लुओरेसीनमध्ये दोन कड्यांना जखडून ठेवणारा ऑक्सिजनचा एक पूल असतो. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये तो नसल्याने कडी मोकळी फिरतात. एका अणूच्या पुलामुळे गिळणारे द्रव्य देणारे होते. तसेच फ्लुओरेसीनमध्ये ब्रोमिनचे चार जड अणू घातले की इओसीन तयार होते आणि पाण्यात परतीचे प्रमाण नव्वद टक्क्यांवरून सुमारे वीस टक्क्यांपर्यंत घसरते. कारण जड अणूंमुळे रेणू दुसऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्थितीकडे वळतो व तेथे ऊर्जेला इतर वाटा सापडतात.

यावरून रचनेचे दोन पहिले नियम निघतात. शोषण वाढवावयाचे तर एकाआड एक द्विबंध असलेली लांब, सपाट रचना हवी. उत्सर्जन टिकवावयाचे तर ती रचना ताठ हवी आणि जड अणूंपासून मुक्त हवी.

४

व्यवहारात या दोन गुणांची गल्लत होते. कपड्यांना द्यावयाची जुनी नीळ पिवळसर छटेतील पिवळा प्रकाश शोषून ती झाकते; कपडा पांढरा भासतो, पण त्यावरून परतणारा एकूण प्रकाश कमीच झालेला असतो. टिनोपाल किंवा राणीपाल या नावांनी घरोघरी पोहोचलेली द्रव्ये वेगळ्या रीतीने काम करतात : ती अदृश्य जंबुपार किरण शोषून निळा प्रकाश देतात, त्यामुळे कपड्यावरून येणाऱ्या दृश्य प्रकाशात खरोखरच भर पडते. पाउल क्राइस यांनी १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट वृक्षाच्या सालीतील एस्क्युलीन वापरून या तत्त्वाचा प्रयोग केला होता. दोन्ही पुड्यांचा हेतू एकच. एकीत केवळ ग्रहण आहे, दुसरीत ग्रहण आणि प्रतिदान.

रंजकाची दीप्ती या दोन गुणांच्या गुणाकाराने मोजतात : तो किती शोषतो आणि शोषलेल्यापैकी किती परत देतो. गुणाकारात एक घटक शून्याजवळ गेला की दुसरा कितीही मोठा असून उपयोग होत नाही. मग अधिक दीप्ती हवी असल्यास एकाऐवजी तीस रेणू एकत्र का बांधू नयेत, असा प्रश्न सहज सुचतो. येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. बहुतेक रंजकरेणू सपाट असल्यामुळे जवळ आले की एकमेकांवर चळतीसारखे रचले जातात. त्यांची शोषणशक्ती साधारणतः बेरजेने वाढते. पण उद्दीपित रेणूची ऊर्जा शेजाऱ्याकडे, तेथून पुढच्याकडे जात राहते आणि अशा भ्रमणात ती कोठेतरी ऊर्जा गिळणाऱ्या जोडीत अडकते. या घटनेस शमन म्हणतात. रोगनिदानासाठी प्रतिपिंडावर फ्लुओरेसीनचे रेणू चढविताना पाचसहा रेणूंनंतर दीप्ती वाढत नाही, उलट घटू लागते, हा नेहमीचा अनुभव आहे.

ऊर्जेच्या या भ्रमणाचे गणित थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४८ मध्ये मांडले. एका रेणूकडून दुसऱ्याकडे ऊर्जा प्रकाशकण न सोडताच जाऊ शकते. तिचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर दुप्पट झाले की वेग चौसष्ट पटींनी घटतो. म्हणून सुमारे १ ते १० नॅनोमीटर एवढ्याच टप्प्यात ही देवाणघेवाण प्रभावी ठरते. ॲरोमॅटिक संयुगांच्या स्फटिकांत याचे सुंदर उदाहरण मिळते. शुद्ध अँथ्रासीन निळसर-जांभळे झळाळते. पण त्यात लाखात काही भाग इतके नॅफ्थासीन मिसळले तरी झळाळी हिरवट-पिवळी होते. शोषण करणारे रेणू जवळजवळ सर्व अँथ्रासीनचे, उत्सर्जन मात्र मूठभर नॅफ्थासीनचे. कृष्णन यांनी कोलकात्यात असताना ॲरोमॅटिक संयुगांच्या स्फटिकांचे चुंबकीय व प्रकाशीय गुणधर्म बारकाईने अभ्यासले होते, ते याच कुळातील पदार्थांचे.

या उदाहरणात शमनावरील उपायही दडलेला आहे. ऊर्जेचे भ्रमण थांबविता येत नसेल, तर तिला योग्य ठिकाणी नेऊन सोडता येते. ग्रहणाचे काम अनेकांनी करावे आणि प्रतिदानाचे काम त्यासाठी निवडलेल्या थोड्यांनी करावे, अशी कामाची वाटणी हेच रंजक-बहुवारिकांच्या रचनेचे मर्म होय.

५

रंजक आणि बहुवारिक यांचा सर्वांत साधा संबंध मिश्रणाचा आहे. जोसेफ आणि रॉबर्ट स्वित्झर या अमेरिकन बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या भडक रंगांत अनुस्फुरक रंजक राळेच्या घट्ट द्रावणात विरळ पसरलेला असतो. राळ रेणूंना जखडते आणि परस्परांपासून दूर ठेवते. पण रंजकाचे प्रमाण वाढविले की शमन सुरू होते.

दुसरा मार्ग साखळीलाच रंजक बनविण्याचा आहे. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ मध्ये एकाआड एक द्विबंध असलेली बहुवारिके वीज वाहू शकतात हे दाखविले. त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. केंब्रिजमध्ये १९९० मध्ये याच वर्गातील एका बहुवारिकातून विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळविण्यात आला. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही पुढे सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडांवर संशोधन झाले.

अशी साखळी घडविताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, दुव्यांची निवड : दोन बेंझीन कडी कार्बनच्या पुलाने एका पातळीत जखडलेला फ्लुओरीनचा दुवा (हे संयुग आहे, फ्लोरीन हे मूलद्रव्य नव्हे) ताठ असल्याने उत्सर्जन टिकवितो. दुसरी, पार्श्वशृंखला : साखळीला दोन्ही बाजूंनी जलस्नेही झुपके लावले की साखळ्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत आणि पाण्यातही विरघळतात. तिसरी, ग्राहक रेणू : साखळीच्या टोकाशी किंवा अंगाला फॉर्स्टरच्या टप्प्यात दुसरा रंजक जोडला, की साखळीने गोळा केलेली ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि उत्सर्जनाचा रंग बदलतो. त्यासाठी साखळीचा उत्सर्जनपट आणि ग्राहकाचा शोषणपट एकमेकांवर यावे लागतात. एकाच जातीची साखळी राखून केवळ ग्राहक बदलल्याने अनेक रंग मिळतात आणि ते सर्व एकाच जांभळ्या लेसरने उद्दीपित करता येतात.

चौथी गोष्ट शुद्धतेची, आणि ती सर्वांत कठीण. जी साखळी ऊर्जा गोळा करून इष्ट स्थळी पोहोचविते, तीच साखळी दोषस्थळीही पोहोचविते. बहुफ्लुओरीनच्या एखाद्या दुव्याचे हवेतील ऑक्सिजनने कीटोनात रूपांतर झाले, की शेकडो निर्दोष दुव्यांची ऊर्जा तेथे वाहत जाते आणि निळ्या प्रकाशात हिरवट मालिन्य येते. सुट्या रेणूंत एक सदोष रेणू एकाच रेणूची हानी करतो. साखळीत तो अनेकांची करतो. या दुर्गुणाचाही उपयोग करून घेण्यात आला. टिमोथी स्वेगर यांनी १९९५ मध्ये दाखविले, की शमन करणारा एक रेणू साखळीला चिकटला तर साऱ्या साखळीचे तेज मंदावते. टीएनटी या स्फोटकाच्या अत्यल्प बाष्पाचा शोध घेणारी उपकरणे पुढे याच तत्त्वावर तयार झाली.

६

या सूक्ष्म कारागिरीचे महत्त्व रुग्णालयात स्पष्ट होते. रक्ताच्या कर्करोगाचे निदान करताना रुग्णाच्या पेशी एकेक करून लेसरच्या झोतासमोरून नेतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना रंजकधारी प्रतिपिंडे चिकटलेली असतात आणि त्यांच्या झळाळीवरून पेशीची जात ठरवितात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयांत ही परीक्षा केली जाते. उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे काय, हे पाहावयाचे असते. पुढील उपचार सौम्य असावेत की तीव्र, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. काही प्रथिने पेशीवर फारच थोडी असतात आणि पेशीला स्वतःचीही मंद झळाळी असते. रंजक निस्तेज असेल, तर रोगट पेशी त्या मंद झळाळीत हरवते.

फ्लुओरेसीनची शोषणक्षमता रसायनज्ञांच्या मापाने सुमारे ८० हजार आहे. ॲलन हीगर आणि गिलर्मो बाझान यांच्या संशोधनातून निघालेल्या कंपनीने या कामासाठी जी बहुवारिके तयार केली, त्यांपैकी एकाची शोषणक्षमता सुमारे २५ लाख असून परतीचे प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या आसपास आहे. ते ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश घेते व ४२१ नॅनोमीटरजवळ देते. परतीचे प्रमाण फ्लुओरेसीनहून कमी असूनही गुणाकाराने त्याची दीप्ती सुमारे वीसपट भरते. शोषणात तीसपट लाभ मिळविताना प्रतिदानात एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक तोटा पत्करला गेला. शमन आवरले गेले नसते तर हा तोटा जवळजवळ संपूर्ण झाला असता.

अनुस्फुरणाचा दुसरा उपयोग प्रत्येकाच्या खिशात आहे. भारतीय नोटांवरील क्रमांक व त्यांच्या कागदातील तंतू जंबुपार प्रकाशात झळाळतात. नाशिक रोड आणि देवास येथील मुद्रणालयांतून अशा नोटा निघतात. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने २०२० मध्ये एक द्विरंगी सुरक्षा-शाई विकसित केल्याचे जाहीर झाले. २५४ नॅनोमीटरच्या किरणांत ती तांबडी आणि ३६५ नॅनोमीटरच्या किरणांत हिरवी झळाळते. एक किलोग्रॅमचा नमुना देवासच्या मुद्रणालयाकडे देण्यात आला. ग्रहण बदलले की प्रतिदानही बदलावे, अशी योजना येथे आहे; नक्कल करणाऱ्याला एक रंग साधला तरी दोन्ही साधणे कठीण जाते.

रंजकांचे शास्त्र महाराष्ट्रातही रुजलेले आहे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे प्रमुख कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्या संश्लेषित रंजकांवरील इंग्रजी ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर मान्यता पावले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. निळीच्या रयतेचा देश रंजकांच्या ज्ञानाचा उत्पादक झाला, हे परिवर्तन केवळ उद्योगाचे नव्हे.

७

मात्र हे ज्ञान देशी भाषांत उतरवावयाचे तर परिभाषेने यंत्रणेचा माग घेतला पाहिजे. ‘कार्यक्षम रंजक’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. ग्रहणात कार्यक्षम की प्रतिदानात, आणि ऊर्जेच्या वहनात कितपत, हे तीन प्रश्न स्वतंत्र आहेत. नीळ पहिल्यात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात अनुत्तीर्ण आहे. रेणूंची गर्दी पहिल्यात लाभाची आणि दुसऱ्यात हानीची आहे. बहुवारिक या दोहोंची सांगड तिसऱ्याच्या आधारे घालते. शोषणक्षमता, प्रतिदान-प्रमाण, ऊर्जासंक्रमण आणि दीप्ती ही चार पदे काटेकोरपणे वेगळी ठेवली, तर मराठीत हा विषय मूळ ग्रंथांइतक्याच स्पष्टतेने मांडता येतो.

मराठीत ‘स्फुरणे’ हे क्रियापद काव्यनिर्मितीच्या संदर्भात नित्य वापरले जाते आणि तेथे ते अकारण, अवचित उमटण्याचा अर्थ सुचविते. अनुस्फुरणात तसे काही नाही. तेथे प्रत्येक किरणाचा हिशेब असतो : कोठून आला, किती काळ राहिला, कोठे गळला आणि किती परत आला. साहित्यातून घेतलेला शब्द शास्त्रात आला की त्याच्या जुन्या अर्थच्छटा तेथे कोठवर चालतात, हे तपासण्याचे काम रसायनज्ञ एकटा करू शकत नाही. त्यासाठी भाषेच्या अभ्यासकाचाही सहभाग आवश्यक आहे.